शिक्षा म्हणजे काय?



आज आपण एकाच शब्दाविषयी बोलणार आहोत. शब्द दोनच अक्षरांचा आहे. 'शिक्षा'. लिहायला जरा अवघड, कारण त्यात 'क्ष' आहे. पण हे जोडाक्षर आता तुम्हाला येते. शेवटच्या पाठात आपण ते गिरवले आहे.

हा शब्द ऐकला की मनात काय येते? कुणाला शाळेतले मास्तर आठवतात. अंगठे धरून उभे राहणे आठवते. कुणाला कोर्टाची पायरी आठवते. पोटात गोळा येतो. शब्दच तसा आहे.

आता गंमत पाहा. २००१ साली भारत सरकारने मुलांच्या शिक्षणासाठी एक मोठी योजना काढली. तिचे नाव 'सर्व शिक्षा अभियान'. गावोगावच्या शाळांच्या भिंतींवर ते नाव रंगवले गेले. आपल्याकडचा कुणी भोळा माणूस ते वाचून म्हणेल, "सर्वांना शिक्षा? पोरांनी असा काय गुन्हा केला हो?" २०१८ साली ती योजना 'समग्र शिक्षा' नावाच्या नव्या योजनेत मिळवली गेली. म्हणजे नाव बदलले, तरी शिक्षा काही सुटली नाही!

असे का झाले? शब्द मूळचा संस्कृत. 'शिक्ष्' म्हणजे शिकणे. आपला 'शिकणे' हा शब्द त्याच मुळाचा. 'शिक्षण' आणि 'शिक्षक' हे त्याच घरातले भाऊबंद. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षणच. मराठीत मात्र त्या शब्दाने दुसरी वाट धरली. आपण म्हणतो ना, "थांब, तुला चांगला धडा शिकवतो"? तिथे धडा म्हणजे पुस्तकातला धडा नव्हे. शिकवण्याचे बोलणे तिथे मार देण्याचे बोलणे होते. 'शिक्षा' शब्दाचेही तसेच झाले. शिकवता शिकवता हातात छडी आली, आणि छडीनेच सगळा शब्द व्यापला.

पण आता शाळेतल्या छडीला कायद्याने बंदी आहे, बरं का. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात लिहिले आहे की शाळेत मुलाला मारायचे नाही, त्याचा मानसिक छळही करायचा नाही. शिक्षण आणि शिक्षा यांची फारकत झाली, हे बरेच झाले.

आता शाळेतून कोर्टाकडे वळू. खरे काम तिथे आहे. कोर्टाच्या कागदावर शिक्षेसाठी एकच शब्द नसतो. दंड, सजा, शासन, शास्ती, कैद, सक्तमजुरी, जन्मठेप असे पुष्कळ शब्द असतात. ऐकणाऱ्याला वाटते, सगळे एकच. पण ते एक नाहीत. शब्द नीट कळला नाही, तर माणूस नको तिथे घाबरतो. किंवा नको तिथे गाफील राहतो. दोन्हीत नुकसान आपलेच.

दंड

'दंड' म्हणजे मूळची काठी. खांद्याखालचा हाताचा भाग तोही दंड. तालमीत पोरे काढतात तोही दंड. मळ्यात पाणी नेण्याची लहान चारी, तिलाही काही भागांत दंड म्हणतात. आणि बायाबापड्यांना ठाऊक आहे, जुने लुगडे मधोमध फाडून, बाजू फिरवून शिवले की त्याला दंड घातला म्हणतात. एका शब्दाला एवढी कामे!

राजाच्या हाती काठी असे. ती सत्तेची खूण. म्हणून जुन्या भाषेत कुठल्याही शिक्षेला 'दंड' म्हणत. आज आपल्या बोलण्यात दंड म्हणजे पैसे भरण्याची शिक्षा. पण कागदावर जुना अर्थ अजून जिवंत आहे. तहसीलदाराच्या कचेरीवरची पाटी वाचा. 'तहसीलदार व कार्यकारी दंडाधिकारी' असे लिहिलेले दिसेल. कोर्टात 'प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी' अशी पाटी असते. हे काही नुसते पैसे गोळा करणारे अधिकारी नव्हेत. इंग्रजीत ज्याला मॅजिस्ट्रेट म्हणतात, तेच हे दंडाधिकारी.

तसेच 'भारतीय दंड संहिता'. इंग्रजांनी १८६० साली केलेला हा कायदा. तो १ जानेवारी १८६२ पासून लागू झाला आणि दीडशेहून अधिक वर्षे चालला. त्यात फाशीपासून सगळ्या शिक्षा होत्या. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी 'भारतीय न्याय संहिता, २०२३' हा कायदा आला. नावातला 'दंड' गेला आणि 'न्याय' आला. पण त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याचा खटला जुन्याच कायद्याच्या कलमांनी चालतो. म्हणून दोन्ही नावे ओळखीची ठेवा.

सजा, शासन आणि शास्ती

'सजा' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ शिक्षाच. "त्याला दोन वर्षांची सजा झाली" असे आपण म्हणतो. पण तलाठ्याच्या कचेरीवरही 'सजा' लिहिलेले असते. तिथे सजा म्हणजे तलाठ्याकडे सोपवलेल्या गावांचा गट. साताबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तिथे गेलात तर भिऊ नका. ती सजा वेगळी!

'शासन' म्हणजे सरकार. 'महाराष्ट्र शासन' हे शब्द तर जागोजाग दिसतात. पण "गुन्हेगाराला कडक शासन करा" असे कुणी म्हणाले, तर तिथे शासन म्हणजे शिक्षा. शब्द तोच. शेजारचे शब्द पाहून अर्थ ओळखायचा.

'शास्ती' त्याच घरातली. घरपट्टी थकली, की बिलात मूळ रकमेखाली 'शास्ती' म्हणून आकडा दिसतो. ती उशिराबद्दलची जादा रक्कम. ती भरली म्हणजे आपण गुन्हेगार ठरलो, असे नाही. ते गुन्ह्याचे काम नव्हेच.

कोर्ट कोणत्या शिक्षा देऊ शकते?

न्यायाधीश मनाला येईल ती शिक्षा देऊ शकत नाही. कायद्याने शिक्षा मोजून ठेवल्या आहेत. भारतीय न्याय संहितेत त्या सहा प्रकारच्या आहेत. एकेक पाहू.

पहिली, मृत्युदंड. म्हणजे फाशी. ही शिक्षा सत्र न्यायालयाने दिली, तरी उच्च न्यायालयाने ती कायम केल्याशिवाय अमलात येत नाही.

दुसरी, जन्मठेप. या शब्दाबद्दल फार मोठा गैरसमज आहे. पारावर कुणालाही विचारा, तो सांगेल, "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे." हे खरे नाही. जन्मठेप म्हणजे उरलेला सगळा जन्म. सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली हे स्पष्ट सांगितले आहे. सरकार काही वर्षांची सूट देऊ शकते. पण ती सरकारच्या हातची गोष्ट, कैद्याचा हक्क नव्हे. मग चौदा कुठून आले? ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झालेल्या कैद्याला अशी सूट देऊन सोडायचे, तरी चौदा वर्षे तुरुंगात काढल्याशिवाय सोडायचे नाही, अशी अट १९७८ साली कायद्यात आली. म्हणजे चौदा वर्षे ही त्याची कमीत कमी मुदत. लोकांनी तीच पूर्ण मुदत समजली.

आधी जन्मठेपेच्या जागी 'काळे पाणी' होते. कैद्याला समुद्रापार अंदमानला नेत. १ जानेवारी १९५६ पासून ती शिक्षा कायद्यातून गेली आणि तिच्या जागी जन्मठेप आली. फटके मारण्याची शिक्षाही कायद्यात होती. तीही १९५५ साली रद्द झाली. आज या देशात फौजदारी कोर्ट कुणालाही फटक्यांची शिक्षा देऊ शकत नाही.

तिसरी, कैद. हिचे दोन प्रकार. 'साधी कैद' आणि 'सक्तमजुरी'. साध्या कैदेत डांबून ठेवतात, पण कामाची सक्ती नसते. सक्तमजुरीत काम करावेच लागते. पण तिथेही फुकट राबवून घ्यायचे नाही. कैद्याला त्याच्या कामाची वाजवी मजुरी मिळाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली सांगितले.

चौथी, मालमत्ता सरकारजमा करणे.

पाचवी, दंड. म्हणजे पैशाची शिक्षा.

सहावी, समाजसेवा. ही नवी आहे. २०२४ पासून लागू झाली. थोड्याच लहान गुन्ह्यांना ती आहे. समजा, पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी आहे, गुन्हा पहिल्यांदाच शाबीत झाला आहे आणि माणसाने चोरलेला माल किंवा त्याची किंमत परत केली आहे. तर त्याला तुरुंगाऐवजी लोकांच्या उपयोगाचे काम करण्याची शिक्षा होते. दारू पिऊन चारचौघांत दंगा करणाऱ्यालाही अशी शिक्षा देता येते. या कामाची मजुरी मात्र मिळत नाही.

लहान शब्द, मोठा फरक

आता एक ओळ वाचू. कोर्टाच्या निकालात अशा ओळी असतात.

'आरोपीस दोन वर्षे सक्तमजुरी व पाच हजार रुपये दंड, दंड न भरल्यास आणखी तीन महिने साधी कैद.'

यात सर्वांत महत्त्वाचा शब्द कोणता? तुम्ही म्हणाल 'सक्तमजुरी'. आम्ही म्हणतो, 'व'. एक अक्षर, पण त्याचा अर्थ दोन्ही. तुरुंगही आणि पैसेही. पाच हजार भरले म्हणून दोन वर्षे टळत नाहीत. कुणी दलाल भेटतो आणि सांगतो, "पैसे भरा, माणूस घरी न्या." घरातली बाई गळ्यातले मणी मोडते, पैसे त्याच्या हातात ठेवते, आणि माणूस काही घरी येत नाही. तो 'व' तिला वाचता आला असता, तर मणी वाचले असते.

'व' च्या जागी 'किंवा' असते, तर गोष्ट वेगळी. कायद्याच्या पुस्तकात पुष्कळ ठिकाणी 'कैद किंवा दंड किंवा दोन्ही' असे लिहिलेले असते. तिथे निवड करायची असते, पण ती न्यायाधीशाने. आपण नव्हे.

पुढचे शब्द 'न भरल्यास'. दंड भरला नाही, तर आणखी तीन महिने आत राहायचे. दंड भरला, की ते तीन महिने टळतात. काही भाग भरला, तर त्या हिशेबाने दिवस कमी होतात. कोर्टात दंड भरला की पावती घ्यायची. पावती नाही, तर दंड भरल्याचा पुरावा नाही.

आणखी एक शब्द 'एकत्र'. समजा एका माणसाला एका कलमाखाली दोन वर्षे आणि दुसऱ्या कलमाखाली एक वर्ष शिक्षा झाली. 'शिक्षा एकत्र भोगावयाच्या आहेत' असे लिहिले असेल, तर दोन्ही बरोबरच चालतात. दोन वर्षांत मोकळा. 'एकामागून एक' असे असेल, तर तीन वर्षे. एका शब्दाने आयुष्याचे एक वर्ष कमी किंवा जास्त.

निकालाआधी माणूस आत राहिला असेल, तर ते दिवसही मोजले जातात. चोवीस महिन्यांची शिक्षा झाली आणि सात महिने आधीच आत काढले आहेत, तर उरतात सतरा. या वजाबाकीला 'सूट' किंवा 'वजावट' म्हणतात. निकालात ती लिहिली आहे की नाही, हे पाहावे. वजाबाकी तर आता आपल्याला येते.

शिक्षा नव्हे, पण शिक्षेसारखे वाटते

कितीतरी गोष्टी शिक्षेसारख्या दिसतात, पण शिक्षा नसतात. हे फार ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

'समन्स' म्हणजे कोर्टाचे बोलावणे. ती शिक्षा नव्हे. साक्षीदारालाही समन्स येते. ते घ्यायला नकार देऊन माणूस लपून बसला, तर मात्र पुढे पकड वॉरंट निघते. कागद घ्यावा, तारीख वाचावी, त्या दिवशी हजर राहावे.

'अटक' ही शिक्षा नव्हे. अटक का केली, हे पोलिसांनी त्या माणसाला सांगितले पाहिजे. आणि चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. प्रवासाचा वेळ तेवढा वगळायचा. हे आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या कलमात आहे.

'पोलीस कोठडी' आणि 'न्यायालयीन कोठडी' याही शिक्षा नव्हेत. चौकशी चालू आहे, खटला चालू आहे, म्हणून माणूस आत आहे. त्याला 'कच्चा कैदी' म्हणतात. गुन्हा शाबीत होऊन शिक्षा भोगणारा तो 'पक्का कैदी'. खटला चालू असणारा तो 'आरोपी'. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. तो गुन्हेगार आहे की नाही, हे अजून ठरायचे आहे. गावात मात्र काय होते? कुणाचा पोरगा चौकशीला नेला, की संध्याकाळपर्यंत त्याला चोर ठरवून मोकळे. त्याच्या बहिणीचे जमलेले लग्न मोडते. कोर्टाने शिक्षा दिलेली नसते. गावाने मात्र देऊन टाकलेली असते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपणच केली. ती आपणच विसरू नये.

'मुद्देमाल जप्त' म्हणजे पुराव्यासाठी वस्तू ताब्यात घेतली. मोटारसायकल जप्त झाली म्हणजे ती कायमची गेली असे नव्हे. ती परत मागण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो. 'सरकारजमा' झाली, तर मात्र गेली.

'तडीपार' हा आपल्याकडचा जुना शब्द. तड म्हणजे काठ. नदीच्या काठापलीकडे घालवलेला तो तडीपार. 'हद्दपार' ही तसेच, हद्दीपलीकडे घालवलेला. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा आहे. त्याखाली जास्तीत जास्त दोन वर्षे माणसाला ठरावीक भागाबाहेर ठेवता येते. पण हा खबरदारीचा हुकूम आहे. गुन्ह्याबद्दल कोर्टाने दिलेली शिक्षा नव्हे. हुकमाआधी त्या माणसाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. हुकमाविरुद्ध त्याला अपीलही करता येते.

'नुकसानभरपाई' आणि 'दंड' यांतही फरक आहे. दंड जातो सरकारात. नुकसानभरपाई जाते ज्याचे नुकसान झाले त्याला. गुन्ह्यात ज्याला इजा झाली, त्याला दंडातून किंवा वेगळी रक्कम म्हणून भरपाई द्या, असा हुकूम कोर्ट करू शकते. ती वकिलामार्फत मागावी.

आणि बांधाचे भांडण? वाटणीचा वाद? ते 'दिवाणी' काम. तिथे 'दावा' लागतो. फौजदारीत 'खटला' चालतो. दावा हरला म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. कोर्ट जमीन कुणाची, पैसे कुणी कुणाला द्यायचे, हे ठरवते. त्याला 'हुकूमनामा' म्हणतात.

'सुटला' म्हणजे काय?

गावात बातमी येते, "अमका सुटला." पण कसा सुटला? 'जामिनावर सुटला' म्हणजे खटला अजून बाकी आहे. तारखेला हजर राहिले पाहिजे. जामीन राहणाऱ्यानेही हे समजून सही करावी. आरोपी पळाला, तर जामीनकीची रक्कम त्याच्या मानेवर बसते. 'निर्दोष सुटला' म्हणजे गुन्हा शाबीत झाला नाही. 'शिक्षा भोगून सुटला' म्हणजे शाबीत झाला होता, मुदत संपली. 'शिक्षेला स्थगिती मिळाली' म्हणजे अपिलाचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबली आहे, संपलेली नाही. एकाच 'सुटला' शब्दाच्या पोटात एवढे अर्थ आहेत.

आणि "दंड भरून सुटलो" असे म्हणणारेही पुष्कळ. लहानसा खटला असतो. रोजगार बुडतो, हेलपाटे पडतात. कुणीतरी कानात सांगते, "कबूल म्हण, दंड भर, मोकळा हो." माणूस 'गुन्हा कबूल' म्हणतो, दंड भरतो आणि घरी येतो. पण गुन्हा कबूल केला आणि कोर्टाने दंड केला, म्हणजे गुन्हा शाबीत झाला. पुढे नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणी होते, तेव्हा ते पुढे येते. आणि कबुली दिल्यावर सहसा फक्त शिक्षा जास्त झाली किंवा कायद्याला सोडून झाली, एवढ्याच मुद्द्यावर अपील करता येते. जे केले ते कबूल करावे, यात दोन मते नाहीत. पण जे केलेच नाही, ते हेलपाटे चुकवण्यासाठी कबूल करू नये.

शिक्षा कोण देऊ शकते?

आता शेवटची आणि सर्वांत मोठी गोष्ट. गुन्ह्याबद्दल शिक्षा देण्याचा अधिकार कोर्टाला आहे. गावच्या पुढाऱ्याला नाही. सावकाराला नाही. जातीच्या पंचांना नाही. जमलेल्या जमावाला तर मुळीच नाही.

पेशवाईत गावची गोतसभा निवाडा करी. हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी' घेत आणि जिंकणाऱ्याकडून 'हरकी' घेत. तेव्हा 'गुन्हेगारी' म्हणजे पैशाचा दंडच. ते दिवस गेले. आज गावात चार शहाण्या माणसांनी बसून भांडण मिटवले, तर चांगलेच. समेट घडवणे वेगळे आणि शिक्षा देणे वेगळे.

पण काही ठिकाणी जातीचे पंच बसतात. मुलीने परजातीत लग्न केले, की बापाला दंड ठोकतात. दंड भरला नाही, की घर वाळीत टाकतात. त्या घराशी कुणी बोलायचे नाही, लग्नाला जायचे नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. हा दंड कायद्यातला दंड नव्हे. तो भरण्याचे कुणावर बंधन नाही. उलट असे वाळीत टाकणे हाच गुन्हा आहे. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला. तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पाहा, 'किंवा दोन्ही' हे शब्द इथेही आले.

चोर सापडला म्हणून त्याला झाडाला बांधून मारणे, हीसुद्धा शिक्षा नव्हे. तो गुन्हाच. धरून पोलिसांच्या हवाली करणे एवढेच आपले काम. कोर्टसुद्धा जिथे फटके देऊ शकत नाही, तिथे आपण कोण?

आपल्या राज्यघटनेच्या २० व्या कलमात दोन गोष्टी लिहून ठेवल्या आहेत. ज्या दिवशी एखादी गोष्ट केली, त्या दिवशी ती कायद्याने गुन्हा नसेल, तर तिच्याबद्दल शिक्षा नाही. आणि एकाच गुन्ह्याबद्दल दोनदा शिक्षा नाही. हे गरिबालाही लागू आहे आणि श्रीमंतालाही.

कागद हाती आला तर

कुणाच्या घरी असा कागद आला, तर आधी रडू नये. वाचावा. एकट्याला जमले नाही, तर दोघांनी मिळून वाचावा. पाच गोष्टी शोधाव्यात. कोणत्या कोर्टाचा? आपण त्यात कोण आहोत, साक्षीदार की आरोपी? कोणते कलम? शिक्षेचा शब्द कोणता? आणि तारीख कोणती?

तारखेला फार किंमत आहे. न्यायदंडाधिकाऱ्याने दिलेल्या शिक्षेवर सत्र न्यायालयात अपील करायला तीस दिवस मिळतात. सत्र न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात जायला साठ दिवस. फाशीची शिक्षा असेल, तर तिथेही तीसच. कैदेची शिक्षा झाली, तर निकालाची नक्कल आरोपीला फुकट मिळते. ती मागून घ्यावी.

वकिलाला पैसे नाहीत, म्हणून गप्प बसू नये. तालुक्याच्या कोर्टात 'तालुका विधी सेवा समिती' असते. विधी म्हणजे इथे कायदा, लग्नातले विधी नव्हेत. बायका, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि कोठडीत किंवा तुरुंगात असलेली माणसे यांना तिथून वकील फुकट मिळतो. त्यांचे उत्पन्न किती, हे पाहत नाहीत. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येते.

आता उजळणी. दंड सरकारात, भरपाई नुकसान झालेल्याला. साध्या कैदेत कामाची सक्ती नाही, सक्तमजुरीत आहे. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे नव्हे, उरलेला जन्म. अटक म्हणजे शिक्षा नव्हे. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे. जामिनावर सुटला म्हणजे निर्दोष सुटला असे नव्हे. आणि पंचांचा दंड हा दंडच नव्हे.

एवढे शब्द आज घरी गेल्यावर वहीत लिहा. घरात जे वाचायला शिकलेले नाहीत, त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. शेजारच्या घरी पोलीस आले, कोर्टाचा कागद आला, तर लांबून तमाशा पाहू नका. जवळ जा आणि म्हणा, "आण इकडे, काय लिहिलंय ते पाहू." भ्यायलेल्या माणसाला त्या वेळी एवढा आधार पुष्कळ असतो.